व्हॅम्पायर देखणा झाला, पण उंबरठ्याचं काय?

२०२४च्या नाताळात रॉबर्ट एगर्सचा 'नोस्फेराटू' आला आणि जिकडेतिकडे एकच सूर ऐकू यायला लागला, की बरं झालं, शेवटी एकदाचा खरा व्हॅम्पायर परत आला. कुजलेलं अंग, जाड मिशा, छातीतून घरघरत निघणारा आवाज, बिल स्कार्सगार्ड कुठे ओळखूच येत नाही. आणि त्याला जोडून लगेच पुढचं वाक्य, की नाहीतर त्या 'ट्वायलाइट'मधल्या चमचमणाऱ्या पोराने व्हॅम्पायरची पार वाट लावली होती. मला एगर्सचा सिनेमा फार आवडला, पण हे वाक्य मात्र अजिबात पटत नाही, आणि का पटत नाही ते नीट मांडायचंय, कारण यात नुसत्या आवडीनिवडीपेक्षा जास्त काहीतरी आहे असं मला मनापासून वाटतं.

पहिली गोष्ट, खरा व्हॅम्पायर म्हणजे कुठला? १७२५ साली सर्बियातल्या किसिल्येवो गावात पेटर प्लोगोयोविट्झ नावाचा शेतकरी मेला आणि मग गावात एकामागून एक माणसं मरायला लागली, तेव्हा लोकांनी त्याची कबर उघडायला लावली, तिथे ऑस्ट्रियन अधिकारी हजर होता आणि त्याने त्याचा रिपोर्ट लिहून ठेवला. त्या काळच्या अशा रिपोर्टांमधला व्हॅम्पायर कसा आहे? फुगलेला, तोंडाला रक्त लागलेला, अगदी साधा खेडूत. ना काउंट, ना किल्ला, ना काळा झगा. तो आपल्याच गावातल्या लोकांकडे येतो, कधीकधी तर आपल्याच घरच्यांकडे. याला झटकन उमराव बनवलं ते १८१९ साली जॉन पोलिडोरीच्या कथेने, जिच्यातला लॉर्ड रुथवेन हा कवी बायरनवरून घेतलाय. म्हणजे देखणा, श्रीमंत, बायकांना भुरळ घालणारा व्हॅम्पायर दोनशे वर्षांहून जुना आहे. ट्वायलाइटने तो शोधला नाही. सिनेमा जन्मायच्या कितीतरी आधी तो तसा झालेला होता.

आणि कुरूप व्हॅम्पायरचं म्हणाल तर तोही काही निरागस नाही. १९२२चा मुर्नाउचा मूळ नोस्फेराटू बघा, मॅक्स श्रेकचा काउंट ऑर्लोक, टक्कल, टोकदार कान, उंदरासारखे पुढचे दोन दात, लांबच लांब नखं. सिनेमा म्हणून ती कमाल गोष्ट आहे, जिन्याच्या भिंतीवरून वर सरकणारी ती सावली आज शंभर वर्षांनी बघतानाही पोटात गोळा येतो. पण तो कोण आहे ते बघा ना, पूर्वेकडून आलेला परका, लांब नाकाचा, सोबत उंदीर आणि प्लेग घेऊन येणारा, गावात घर विकत घेणारा. त्या काळच्या जर्मनीत ज्यूंची जी घाणेरडी व्यंगचित्रं काढली जात होती त्यांच्याशी हे रूप किती जुळतं हे समीक्षकांनी बऱ्याचदा दाखवलंय. बनवणाऱ्यांचा हेतू तसा होता का हा वाद वेगळा, त्यातल्या नॉक या घरांच्या दलालाचं काम करणारा अलेक्झांडर ग्रानाख स्वतः ज्यू होता, पण पडद्यावर जे उमटलं ते उमटलं. तेव्हा राक्षस कुरूपच असला पाहिजे असं म्हणताना आपण नेमक्या कोणाच्या चेहऱ्याला कुरूप म्हणतोय हेही विचारायला हवं. कुरूप म्हणजे परका आणि देखणा म्हणजे खानदानी, हे समीकरण व्हॅम्पायरच्या सिनेमात पहिल्यापासून आहे आणि मला ते दोन्हीकडून खोटं वाटतं.

म्हणून मला चेहऱ्यावरचं भांडण चुकीच्या जागी चाललेलं वाटतं. मी दुसरीच गोष्ट बघते. ब्रॅम स्टोकरच्या १८९७च्या 'ड्रॅक्युला' कादंबरीत एक नियम आहे, घरातलं कोणीतरी आत ये म्हणाल्याशिवाय ड्रॅक्युला पहिल्यांदा त्या घरात शिरू शकत नाही. एवढा ताकदवान, लांडगे त्याचं ऐकतात, धुकं होऊन फटीतून जातो, पण परक्या घराच्या उंबरठ्यावर त्याला थांबावं लागतं. उन्हाने मरणं हे नंतरचं आहे, ते १९२२च्या नोस्फेराटूने आणलं, कादंबरीतला ड्रॅक्युला दिवसा लंडनमध्ये फिरतोसुद्धा. पण उंबरठा मुळातला आहे आणि माझ्या मते सगळ्या नियमांमध्ये तोच सगळ्यात महत्त्वाचा, कारण त्या एका नियमामुळे जिच्यावर दात रोखलेत तिच्या हातात काहीतरी राहतं. हो म्हणायचं की नाही हे. सिनेमांनी हा नियम कधी ठेवला, कधी गुपचूप काढून टाकला, आणि जिथे काढला तिथे चावलं गेलेलं माणूस गोष्टीतून हळूहळू गायब झालं.

१९३१चा बेला लुगोसी. हंगेरीहून आलेला नट, त्याचे ते जड, थांबत थांबत येणारे उच्चार, टेलकोट, झगा, चापून बसवलेले केस. आपल्या डोक्यात ड्रॅक्युला म्हटलं की जो येतो तो हाच. गंमत म्हणजे त्याला सुळेच नाहीत, अख्ख्या सिनेमात एकदाही दिसत नाहीत, चावण्याच्या क्षणी कॅमेरा दुसरीकडे वळतो. त्यामुळे तो घरच्या पार्टीत चालेल असा सभ्य गृहस्थ झाला. पण त्याच सिनेमात लुसीचं, म्हणजे नायिका मीनाच्या मैत्रिणीचं, काय झालं बघा. ती मरते, मग पांढऱ्या कपड्यात रात्री लहान मुलांना भूल घालत फिरते, ड्रॅक्युलाच्या मागावर असलेला प्रोफेसर व्हॅन हेल्सिंग तिच्या आत्म्याला शांती देईन म्हणून मीनाला शब्द देतो, आणि पुढे सिनेमा तिला विसरून जातो. सरळ विसरतो. एक मुलगी मधल्या मध्ये लटकलेली राहते आणि प्रेक्षकाला झगा लक्षात राहतो.

१९५८ला इंग्लंडच्या हॅमर कंपनीने ख्रिस्तोफर लीला ड्रॅक्युला केलं, टेरेन्स फिशर दिग्दर्शक, रंगीत सिनेमा, लालभडक रक्त, खरेखुरे सुळे, लाल डोळे, सव्वासहा फुटांहून उंच माणूस दारात उभा. इथे पहिल्यांदा बाईच्या बाजूने काहीतरी मोकळेपणाने दाखवलं. लुसी स्वतः गळ्यातला क्रॉस काढते, खिडकी उघडते, पलंगावर वाट बघत पडून राहते. मीना सकाळी घरी येते तेव्हा तिच्या चेहऱ्यावर जे समाधान आहे ते लपवायचा प्रयत्नच नाही. १९५८मध्ये ही मोठीच गोष्ट. पण लुसीचं पुढे काय होतं, तर व्हॅन हेल्सिंग तिच्या भावासमोर तिच्या छातीत खुंटा ठोकतो. इच्छा झाली म्हणून शिक्षा. म्हणजे तिने दार उघडलं हे सिनेमाने पाहिलं, समजून मात्र घेतलं नाही.

१९७९ हे वर्ष मला फार बोलकं वाटतं. एकाच वर्षात फ्रँक लँगेलाचा ड्रॅक्युला आला, मऊ केसांचा, उघड्या गळ्याचा शर्ट घालणारा, आणि त्याच वर्षी वर्नर हर्झोगने क्लाउस किन्स्कीला पुन्हा ऑर्लोकसारखा पांढराफटक, उंदीरदात्या केला. म्हणजे देखणा आणि भयाण असे दोन जमाने एकापाठोपाठ आलेत ही समजूतच चूक आहे, दोघं कायम शेजारी शेजारीच चाललेत. आणि किन्स्कीचा तो कुरूप व्हॅम्पायर मला लँगेलापेक्षा जास्त ओढून घेतो, कारण त्याला मरता येत नाही म्हणून तो थकलाय, प्रेम मागताना तो भिकाऱ्यासारखा होतो. पडद्यावरचं आकर्षण नुसतं जबड्याच्या ठेवणीतून येत नाही हे त्याने दाखवून दिलं.

मग १९९२चा कोपोलाचा. इथे मला थोडं जास्त थांबायचंय कारण आजचा रोमँटिक व्हॅम्पायर खऱ्या अर्थाने घरोघरी पोचला तो इथून. गॅरी ओल्डमन, एइको इशिओकाचे कपडे, त्या कपड्यांना ऑस्कर मिळालं आणि ते मिळायलाच हवं होतं, लाल रंगाचा तो लांबलचक अंगरखा विसरता येत नाही. सिनेमाने गोष्टीत मुळात नसलेली एक गोष्ट घातली, मीना ही ड्रॅक्युलाच्या मेलेल्या बायकोचा पुनर्जन्म. कादंबरीत याचा मागमूस नाही, १९७४च्या जॅक पॅलन्सच्या टीव्ही सिनेमात असला धागा होता, कोपोलाने त्याचं महाकाव्य केलं. आता तो रक्तपिपासू राहिला नाही, चारशे वर्षं बायकोची वाट बघणारा नवरा झाला. डोळ्यात पाणी येतं, खोटं कशाला बोलू. पण याच माणसाने सुरुवातीला आपल्या तीन बायकांपुढे एक तान्हं मूल टाकलेलं असतं. आई दारात येऊन आक्रोश करत नाही का, असा प्रश्न कादंबरी वाचणाऱ्याला पडत नाही, कारण तिथे ती येते, किल्ल्याच्या अंगणात उभी राहून मूल परत मागते. सिनेमा तासाभरात ते बाळ विसरायला लावतो. आणि लुसी, जिच्याशी त्याचं काही प्रेमबिम नाही, तिच्यावर तो जनावराच्या रूपात बागेत तुटून पडतो, ती मरते, तिचं मुंडकं उडवलं जातं, आणि हे सगळं मीनाच्या प्रेमकथेच्या मध्येच कुठेतरी होऊन जातं. एकीला अमर प्रेम मिळालं, दुसरीने त्याची किंमत मोजली. माझा राग इथे आहे. नट देखणा असण्यावर नाही.

दोन वर्षांनी 'इंटरव्ह्यू विथ द व्हॅम्पायर' आला, टॉम क्रूझ, ब्रॅड पिट, दोघंही इतके सुंदर की पडद्यावर जळणाऱ्या मेणबत्त्यांनाही लाज वाटावी. पण त्यात क्लॉडिया आहे. कर्स्टन डन्स्ट तेव्हा जेमतेम अकरा-बारा वर्षांची असेल. एका लहान मुलीला दोन पुरुषांनी न विचारता व्हॅम्पायर केलं, तिचं मन मोठं होत गेलं आणि शरीर कायम मुलीचं राहिलं. ती रागाने केस कापते आणि ते लगेच जसेच्या तसे परत वाढतात, तेव्हाची तिची किंकाळी म्हणजे आधीच्या सगळ्या लुसींची किंकाळी आहे असं मला वाटतं. चावलेल्या माणसाला बोलायला दिलं की देखणेपणा आपोआप भयंकर होतो. सुळे अजून लांब करायची गरज लागत नाही.

टीव्हीवरची 'बफी', व्हॅम्पायर मारणाऱ्या मुलीची मालिका, तीसुद्धा हे करून गेली. तिच्यातल्या व्हॅम्पायरला दोन चेहरे, एरवी माणसाचा आणि भूक लागली की सुरकुतलेल्या कपाळाचा. दुसऱ्या सीझनमध्ये एंजल, आत्मा परत मिळालेला व्हॅम्पायर, इतका समजूतदार, इतका जपणारा, बफीसोबत एक रात्र घालवतो आणि त्याचा आत्मा जातो, सकाळी तोच मुलगा तिला हिणवून बोलतो. कित्येक मुलींनी हे आयुष्यात बघितलंय, त्यासाठी व्हॅम्पायर लागत नाही. म्हणूनच तो भाग इतका लागतो.

आता २००८. ट्वायलाइट आणि स्वीडनचा 'लेट द राइट वन इन' एकाच वर्षी आले आणि या दोघांमध्ये माझा सगळा मुद्दा आहे.

आधी ट्वायलाइटच्या बाजूने बोलते, कारण त्याच्यावर झालेली बरीच टीका अन्यायाची होती. साधारण ३.७ कोटी डॉलर्समध्ये कॅथरीन हार्डविकने तो बनवला आणि जगभरात त्याने जवळपास ४० कोटी कमावले, आणि पुढचे चारही भाग पुरुष दिग्दर्शकांकडे गेले. त्या सिनेमात बघणारी मुलगी आहे आणि बघितला जाणारा मुलगा, हे व्हॅम्पायरच्या सिनेमात फार कमी वेळा झालंय. बेलाला काहीतरी हवंय आणि ते ती स्पष्ट सांगते. तो आवडणाऱ्या लाखो मुलींची जी टिंगल झाली ती बरीचशी मुलींच्या आवडीचीच टिंगल होती, लुगोसीच्या झग्याला कोणी इतकं हसलं नाही. एडवर्ड उन्हात चमकतो याने माझं काही बिघडत नाही.

माझं बिघडतं ते खिडकीपाशी. एडवर्ड रात्री बेलाच्या खोलीत येतो, ती झोपलेली असताना बघत बसतो, एकदा नाही, पुन्हा पुन्हा, आणि ती कळल्यावर सुखावते. त्या जगातल्या व्हॅम्पायरला आमंत्रण लागतच नाही. उंबरठ्याचा नियम कोणी गाजावाजा न करता काढून टाकला आणि त्याच्या जागी मुलाचा चांगुलपणा ठेवला, तो चांगला आहे ना, प्राण्यांचं रक्त पितो ना, मग विचारायचं कशाला. हे मला फार धोक्याचं वाटतं. मुली सिनेमा बघून बिघडतात वगैरे मी म्हणत नाहीये, आईवडिलांनी बंदी घालावी असं तर मुळीच नाही, मुलींना चांगलं कळतं. पण आपण ज्या समाजात राहतो तिथे हिरो कित्येक वर्षं हिरॉइनच्या मागे मागे फिरतोय, तिच्या कॉलेजबाहेर उभा राहतोय, नाही म्हणाली तरी गाणं म्हणतोय, आणि शेवटी ती हसते. आपल्या कायद्यात पाठलाग करणं हा वेगळा गुन्हा म्हणून यायला २०१३ साल उजाडावं लागलं, तेव्हाचं कलम ३५४ ड, आता न्याय संहितेत कलम ७८. त्यामुळे खिडकीतून आलेला मुलगा आपल्याकडे कोणालाच परका वाटला नाही, आणि हीच गोष्ट मला जास्त टोचते.

आता तो स्वीडिश सिनेमा. स्टॉकहोमजवळचं ब्लॅकेबेर्ग, बर्फ, सिमेंटच्या इमारती, शाळेत मार खाणारा ऑस्कर आणि शेजारी राहायला आलेली एली, बारा वर्षांची, आणि गेली खूप वर्षं बाराच वर्षांची. ऑस्कर एकदा तिला चिडवायला म्हणून आत ये म्हणतच नाही, नुसती मान हलवून, हाताने खुणावतो, बघू तरी न बोलावता आलीस तर काय होतं. ती येते. उभी राहते. आणि तिच्या डोळ्यातून, कानातून, डोक्यातून रक्त झिरपायला लागतं, आणि तो धावत जाऊन तिला मिठी मारतो आणि ये म्हणतो. त्या एका सीनमध्ये आकर्षण आहे, भीती आहे, आणि एकमेकांना विचारण्याची किंमत काय असते तेही आहे. एली कधी गोड दिसते, कधी म्हातारी, कधी घाणेरडी, आणि पुलाखाली तिने मारलेल्या माणसाचे मित्र त्याच्यासाठी रडतात, त्याला शोधतात. सिनेमा त्यांना वेळ देतो. मेलेला माणूस कोणाचा तरी होता हे आपल्याला शेवटपर्यंत माहीत असतं.

परत एगर्सकडे. त्याच्या नोस्फेराटूची ताकद ऑर्लोकच्या कुजलेल्या कातडीत आहे असं लोक म्हणतात, मला ती लिली-रोझ डेपच्या एलनमध्ये दिसली. एकटी पडलेली लहान मुलगी अंधारात कोणाला तरी हाक मारते आणि जे येतं ते तिला सोडत नाही. मोठेपणी सगळं गाव मरायला लागतं तेव्हा ती स्वतःलाच दोष देते, मीच बोलावलं होतं ना. उंबरठ्याच्या नियमाची ही दुसरी, वाईट बाजू आहे आणि ती कोणीतरी इतक्या स्पष्टपणे मांडायला हवीच होती, कारण हेच वाक्य आपण खऱ्या आयुष्यातही ऐकतो, तिनेच बोलावलं असेल, तिनेच दार उघडलं असेल. डॉक्टर तिला औषध देऊन झोपवतात, बांधून ठेवतात, नवऱ्याचा मित्र वैतागतो. पोरवयात मारलेली हाक म्हणजे आयुष्यभराची परवानगी नव्हे, आणि ऑर्लोक मात्र ती तशीच वसूल करायला येतो, वर कायदेशीर कागदावर नवऱ्याची सहीसुद्धा घेतो.

आणि २०२५चा रायन कूगलरचा 'सिनर्स', जो मला या सगळ्यांमध्ये सगळ्यात शहाणा वाटतो. १९३२, मिसिसिपीतलं क्लार्क्सडेल, काळ्या लोकांनी स्वतःसाठी उघडलेलं नाचगाण्याचं ठिकाण. यातला व्हॅम्पायर रेमिक, जॅक ओ'कॉनेल, ना झगा ना टक्कल, साधा गोरा माणूस, हातात बँजो, गळा गोड. तो सुरुवातीला एका गोऱ्या जोडप्याच्या दारात जीव वाचवा म्हणत येतो, मागून चॉक्टॉ, म्हणजे तिथले मूळ रहिवासी, येऊन धोक्याची सूचना देतात, पण ते जोडपं विश्वास कोणावर ठेवतं? आपल्यासारख्या दिसणाऱ्यावर. चेहरा बघून दार उघडलं आणि मेले. मग रात्री तो त्या नाचगाण्याच्या दाराबाहेर उभा राहून किती सुंदर गोष्टी सांगतो, आमच्यात भेदभाव नाही, सगळे एक, दुःख नाही, आणि त्याचं सगळंच खोटं नाही, त्याची स्वतःची भूमीसुद्धा कोणीतरी हिसकावलेली आहे. तरी त्याला तिथे गाणाऱ्या तरुण सॅमीचं संगीत हवंय, सॅमीला त्याच्या आठवणींसकट गिळून. दारातली ती रस्सीखेच बघताना मला दात कसे आहेत हे आठवलंसुद्धा नाही.

आपल्याकडचं थोडं. रॅमसेंच्या १९९०च्या 'बंद दरवाजा'मध्ये अनिरुद्ध अगरवालचा तो धिप्पाड राक्षस आहे, आणि मूल होत नाही म्हणून त्याच्याकडे स्वतःहून गेलेली ठाकुरीण आहे. लोक त्या सिनेमाला बी ग्रेड म्हणून सोडून देतात, पण तिला त्या डोंगरापर्यंत कोणी ढकललं, वांझ म्हणून बोलणारं घर कोणाचं, हा प्रश्न त्यात आयता पडलेला होता आणि कोणी उचललाच नाही. २०२५च्या दिवाळीत 'थामा' आला, दिग्दर्शक आपले आदित्य सरपोतदार, ज्यांनी 'झोंबिवली' आणि 'मुंज्या' केले, आणि 'मुंज्या'मध्ये कोकण ज्या प्रेमाने दाखवलंय ते मला आजही आठवतं. थामामध्ये बेताळ म्हणजे जवळजवळ व्हॅम्पायर, देखणे, ताकदवान, आणि नायकाला मरणातून परत आणायला नायिका त्याला चावते. प्रेमाने वाचवायला चावणं हे ट्वायलाइटच्या शेवटच्या भागांपासून फार वाढलंय, कारण मरणाच्या दारात असलेल्याला विचारायला वेळच नसतो, लेखकाची सुटका होते.

आपल्या आरवलीचा वेतोबा रात्री गावाची राखण करत फिरतो, झिजतात म्हणून भाविक त्याला भल्यामोठ्या चामड्याच्या चपला वाहतात. रात्री फिरणाऱ्या ताकदवान पुरुषाची ही एवढी वेगळी कल्पना ज्यांच्या घरात आहे त्यांनी विलायती सुळे उसने का घ्यावेत हा माझा सरळ प्रश्न आहे. घ्यायचेच असतील तर घ्या, नट कितीही देखणा घ्या, मला चालेल. पण पटकथा लिहिताना लुसीच्या घरापासून सुरुवात करा, तिला आई असेल, बहीण असेल, सकाळी तिची खोली उघडणारं कोणीतरी असेल. बंद दरवाजाची ती ठाकुरीण आज कोणी नव्याने लिहिली, तिच्या बाजूने, तर मी पहिल्या दिवशी पहिल्या शोला जाईन.